छगनची पाळत

"मला तुमच्याकडनं एक काम करून पायजे," असं म्हणत छगन सूर्यभानच्या ओट्यावर बसला, तेव्हा ऊन नुकतंच चढत होतं.

सूर्यभान एकेकाळचा सरकारी हेर. बांगलादेशच्या लढाईआधी पाळतीवरचा माणूस त्याच्या हातून निसटला आणि खात्यानं त्याला हाकललं. तेव्हापासून तो जामखेडजवळच्या आपल्या गावी राहून अडल्यानडल्यांची कामं करायचा. कुणाचा चोरीला गेलेला बैल शोधून दे, कुणाची पळवलेली पोर परत आण. गावाला त्याचं कोण कौतुक! छगनची बायको पुष्पावती तर भाकरी थापतानाही त्याचेच गुण गायची. ऐकून छगनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"बोला," सूर्यभान म्हणाला.

"माझी बायकू चोरून कुनाला तरी भेटती. कोन त्यो, शोधून द्या."

कोण ते छगनला पक्कं ठाऊक होतं. समोरच तर बसला होता! पण आज ऊसतोडीच्या टोळ्या कोपरगावकडं निघणार, सगळं गाव वेशीत जमणार, घरं ओस पडणार. हाच मोका साधून दोघं भेटणार. म्हणून या बाबाला आज नजरेआड होऊच द्यायचं नाही, असं छगननं ठरवलं होतं.

"तिला इचारलं का?"

"इचारलं. परवा चांगली बडवली, तरी नाव घेईना."

सूर्यभाननं चहा मागवला.

"तिला खायला काय आवडतं?"

"भाकरी खाती की. आनखी काय?"

"गोडी शेव," सूर्यभान म्हणाला. "बाजारात घेताना पाह्यलंय."

छगनचा जीव जळून गेला. लग्नाच्या बायकोची आवड दुसऱ्यानं सांगावी!

दोनदा सूर्यभान उठायला गेला. दोन्हीदा छगननं त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"बसा की! एवढी कसली घाई?"

सूर्यभान निमूट बसला. छगन मनात खूश झाला. एवढा मोठा हेर, पण आज त्याच्या तावडीत सापडला होता.

दुपारी वेशीकडून ट्रकचे हॉर्न ऐकू आले. बायकांच्या रडण्याचा गलका उठला आणि हळूहळू थांबला.

सूर्यभाननं कप खाली ठेवला.

"छगनराव, तुमचं काम मला घेता यायचं न्हाई."

"कसं घ्याल? तुमालाच भेटती ना ती?"

"व्हय. तिचं काम तुमच्या आधी आलं हुतं. तिच्या भावाच्या टोळीचा ट्रक तिला घिऊन निघंपतोर तुमाला हितं बसवून ठेवायचं हुतं."