वापरातला कॅमेरा

परळला पासपोर्ट साइझ फोटो काढण्यात उभं आयुष्य गेलेल्या पेडणेकरांना त्यांचा मुलगा निनाद दुबईहून नवा कॅमेरा आणणार होता. इथल्यापेक्षा तिथे बराच स्वस्त. मग काय, रोज फोनवर पेडणेकरांची शाळा भरायची.

"बाबू, कंपनीच्या शोरूमलाच जा. रस्त्यात हाका मारून बोलावतात, त्यांच्याकडे फिरकू पण नको. वॉरंटी इंडियात चालते का ते विचार. खोक्यावरचा नंबर कॅमेऱ्यावरच्या नंबराशी जुळवून बघ."

"आणि कस्टमवाल्याने अडवलं तर?" निनाद मुद्दाम विचारायचा.

"खोकं तिथेच टाकून दे. मी दिलेला जुना पट्टा लाव आणि कॅमेरा गळ्यात अडकव. विचारलंच तर बिनधास्त सांग, माझाच आहे, वापरातला आहे. ड्युटी म्हणून एक पैसा द्यायचा नाही!"

निघायच्या आदल्या दिवशी रस्ता ओलांडताना निनादला गाडीने उडवलं.

मुंबई विमानतळावर शवपेटीमागोमाग त्याची बॅग आली. कस्टमच्या साहेबाने ती उघडली. वरच कॅमेरा होता, जुना पट्टा लावलेला. साहेब हळू आवाजात म्हणाला, "काका, मयताच्या वापरातल्या वस्तूंवर ड्युटी लागत नाही. हा त्यांचाच होता ना?"

पेडणेकरांनी कॅमेरा उचलून छातीशी धरला.

 

"नाही साहेब, नवा आहे. माझ्यासाठी घेतलाय त्याने. लावा ड्युटी."