बाहत्तरचा सोलो

ढोल-बिगुल पथकांच्या 'ड्रम कोर' स्पर्धेच्या अंतिम फेरीला म्हातारा व्हर्नन दर उन्हाळ्यात बायकोला घेऊन येतो आणि दर उन्हाळ्यात करवादतो. "माइक काय, नाच काय! खरा काळ आमचा, बाहत्तर सालचा. नुसते ढोल आणि बिगुल. माझ्या सोलोला अख्खं स्टेडियम उभं राहिलं होतं. मार्लीन, तुझा आवडता काळ कुठला गं?"

मार्लीन शेंगा सोलत राहिली.

मैदानात त्यांची नात पथकातून पुढे आली आणि तिनं बिगुल ओठांना लावला. पहिले सूर ऐकताच व्हर्नन ताडकन उठला. "अगं, हा तर माझा सोलो! हिला कुणी शिकवला?"

"तुला जिनं शिकवला, तिनंच," मार्लीन म्हणाली. "माझ्या बाबांच्या गॅरेजात, विसरलास? तेव्हा तुमच्या पथकात मुलींना घेत नव्हते. आता खाली बस, माझा काळ मला नीट बघू दे."