बाकावरचा माणूस

मालिकेचा आठवा आणि शेवटचा भाग सुरू झाला, तेव्हा बाबा टीव्हीच्या अगदी समोर, घरच्यांकडे पाठ करून बसले होते. टीव्हीतही ते तसेच बसले होते. दवाखान्यातल्या बाकावर, पाठमोरे.

मागचे सातही भाग ते हेच करत होते. "काका, तुमची पाठ बोलते," असं दिग्दर्शकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि चेहरा घ्यायचं टाळलं होतं. पण आज बाबा उठणार होते, वळणार होते आणि बोलणार होते. "माझा नंबर लागणार आहे, की मी घरी जाऊ?" हे वाक्य बाथरूममधून महिनाभर इतक्यांदा ऐकू आलं होतं, की एकदा दारातून दूधवाल्यानं "जा घरी" असं उत्तर दिलं होतं.

पडद्यावर नर्स संत्रं सोलत होती. दुसऱ्या भागात घेतलेलंच संत्रं होतं ते.

"प्रकाश छान टाकलाय हं," आत्या म्हणाली. भावाचं वाक्य ऐकायला ती दोन बस बदलून आली होती. "दिसत काही नाही, पण प्रकाश छान आहे."

"आवाजही सुरेख," सून म्हणाली. "साल निघताना ऐकू येतेय."

"गोष्ट कधी सुरू होणार?" मुलानं विचारलं.

"आज संपतेय," सून म्हणाली.

"दवाखान्याची ती भिंत मी तिसऱ्या भागापासून बघतोय," मुलगा म्हणाला. " आज तिचा पोपडा पडला नाही, तर मीच जाऊन पाडीन."

"आणि म्हणे पाठ बोलते," आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून बघतेय मी. एक अक्षर बोलली असेल तर शपथ."

बाबांनी न वळता हात वर केला.

टीव्हीतले बाबा उठले. बाक करकरला, अगदी स्वच्छ. आत्यानं चष्मा लावला. मुलानं मोबाइल पालथा ठेवला. टीव्हीतले बाबा वळू लागले, तेही इतके सावकाश, की त्यापुढे मालिकेलाच घाई झाल्यासारखं वाटावं. खांदा आला. कान आला. तोंड उघडलं.

आणि ज्या मालिकेत सात भाग साधी शिट्टी वाजली नव्हती, तिच्यात संगीत सुरू झालं. पन्नासेक व्हायोलिनं, एकदम. बाबांचे ओठ हलत राहिले. मग ते पुसट झाले आणि संत्रं स्पष्ट झालं. नर्सनं पहिली फोड तोंडात टाकली. नावं भराभर वर सरकली. या मालिकेत भराभर झालेली ही एकच गोष्ट. संत्रं पुरवणाऱ्याचं नाव सगळ्यांनी वाचलं. बाबांचं आलं की नाही, कुणालाच सांगता येईना.

"दादा, वाक्य झालं का रे?" आत्यानं विचारलं.

बाबा वळले नाहीत. आजच्यासाठी मुद्दाम इस्त्री केलेला शर्ट मघाशी ताठ होता. आता तो दोन्ही खांद्यांवरून जरासा खाली आला होता.

"फोनच लावतो त्या दिग्दर्शकाला!" मुलगा उसळला. "सात भाग झोपला होता का हा वाजवणारा? नेमकं आत्ताच..."

"तू आधी टीव्ही बंद कर," आई म्हणाली. ती बाबांच्या पाठीकडे बघत होती. "हे बोलतायत."