चाहत्यांची भिंत

कलाप्रदर्शनाच्या अंधाऱ्या दालनात भिंतभर पडदे होते. प्रत्येक पडद्यावर एकाच गायिकेचा एकेक चाहता हेडफोन लावून तिचं गाणं गात होता. कोपऱ्यातल्या पडद्यावर माझी लेक होती. हे चित्रीकरण झालं आणि महिन्याभरात ती देवाघरी गेली.

"काकू, रेकॉर्डिंग आहे हो ते. पुन्हापुन्हा तेच लागतं," दालन सांभाळणारी मुलगी म्हणाली.

घरी हेडफोन लावले की लेकीला माझी हाक ऐकूच जायची नाही. माझा आवाज जपापुरताच. मग एक कान मोकळा करून ती चिडवायची, "आई, मी देव नाहीये, मोठ्याने बोल!"

आज मला राहवलं नाही. ओठांतल्या ओठांत विचारलं, "जेवलीस का गं?"

बाकीचे सगळे गातच राहिले. ती थांबली, आणि तिने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.