सातवा तारा

"झेंड्यावरचा एक तारा काढायचाय," तोरिबियो म्हणाला.

ध्वज विभागाच्या एदुविहेसबाईंनी मान वर केली नाही. "कुठला?"

"सातवा. माझा."

राज्याच्या झेंड्यावर निळा पट्टा म्हणजे नदी, पिवळा म्हणजे मका. मधले सात तारे म्हणजे हुकूमशहाच्या फौजेला पुलावर अडवताना मेलेले सात जण. शाळेतली पोरं सातही नावं घडाघडा म्हणतात. शेवटचं नाव तोरिबियो माचुका.

बाईंनी आता मान वर केली. "ओळखपत्र?"

"मेलेल्याला कोण देतं ओळखपत्र?"

"तेही खरंच."

तोरिबियोने टोपी मांडीवर घेतली. "पहिली गोळी सुटली आणि मी नदीत उडी टाकली, बाई. मागे वळूनही पाहिलं नाही. अडतीस वर्षं सरहद्दीपलीकडे दुसऱ्याच नावाने शेळ्या राखल्या. सातही जण मेले असं रेडिओवर ऐकलं, आणि गप्प बसलो. मेलितोन तर छाती काढून उभा होता हो पुलावर! आता गावी मरायला आलो, तर चौकाचौकात मी फडकतोय. त्या सहा जणांच्या शेजारी!"

बाईंनी कॉफीचा पेला पुढे सरकवला. "काका, सहा तारे नीट मांडता येत नाहीत. समितीने तीन महिने घालवले होते. शिवाय पाठ्यपुस्तकात सातव्या ताऱ्याचा अर्थ 'निष्ठा' असा छापलाय."

"निष्ठा!" तोरिबियोला हसता हसता ठसका लागला. मग डोळे पुसत त्याने खिशातून छोटी कात्री काढली. "तुम्हाला त्रास नको. कुठले कुठले झेंडे आहेत ते सांगा, मीच उसवतो. त्यांच्या पंक्तीत बसून मला मरवणार नाही."

बाईंनी त्या कात्रीकडे पाहिलं. मग उठल्या. "चला, शेजारच्या खोलीत."

अटक होणार, हे तोरिबियोने ओळखलं. त्याला उलट हायसं वाटलं. "चालेल. फक्त बेड्या सैल घाला, मनगटं दुखतात."

बाईंनी दार ढकललं. टेबलाभोवती सहा म्हातारे डॉमिनो खेळत होते. त्यांच्यातल्या मेलितोनने हातातली सोंगटी खाली ठेवली आणि तो तोंडाचा आ वासून पाहत राहिला.

"तोरिबियो? अरे, आम्हाला वाटलं होतं, निदान तू तरी मेला असशील!"