हात ओढायचा नाही

खुर्ची डॅरियाच्या कानाजवळून गेली आणि मागच्या दारावर आपटली. खुर्चीचा एक पाय निखळून उडाला, तो थेट टेबलावरच्या केकमध्ये. ‘शुभेच्छा, डॅरिया’ मधलं नाव तेवढं उरलं.

“कधी सांगणार होतीस?” ब्रिन किंचाळली. नऊ वर्षांची पोर, पण आवाज असा की वरच्या मजल्यावर नेलेली बाकीची मुलं चिडीचूप झाली. “केक कापताना?”

खरं तर हो, तेव्हाच. कॅनडातल्या विनिपेगच्या या बालगृहात तशी रीतच होती. कुणी नोकरी सोडून निघालं, की मुलांना शेवटच्या दिवशी, जेवण झाल्यावर, केक कापताना सांगायचं. आधी सांगितलं तर पोरं आठवडाभर घर डोक्यावर घेतात म्हणे. डॅरिया मानसशास्त्र शिकता शिकता इथं काम करत होती. लहान मुलांच्या ताटातुटीवर तिनं विद्यापीठात अख्खा प्रबंध लिहिला होता. आणि तरीही ती रीत तिनं मुकाट पाळली होती.

“ब्रिन, चुकलं माझं. मी आधीच—”

“गप्प बस! माझ्यावर शिकलीस ना? झालं शिकून? आता टोरंटोत मोठी मानसतज्ज्ञ होणार. तासाचे पैसे घेणार आणि विचारणार, ‘कसं वाटतंय तुम्हाला?’”

पहिली लाथ नडगीवर बसली. दुसरी गुडघ्यावर.

कामाच्या पाळीचा प्रमुख, पांढऱ्या दाढीचा ग्लेन, दारातून सावकाश पुढे सरकला. “धरू का हिला, पोरी?”

डॅरियानं मान हलवली. नको. झटापट झाली की कुणाचं तरी रक्त निघणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. ब्रिननं याआधी दोनदा काम करणाऱ्यांना रक्तबंबाळ केलं होतं. आता पुन्हा तसं झालं तर तिची रवानगी कुलूपबंद इमारतीत. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत.

ब्रिननं झेप घेतली. कोपराखालच्या मांसात दात रुतले. डॅरियाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळं अंग एकच ओरडत होतं, ओढ, हात ओढ. ओढला असता तर कातडं त्या दातांतच राहिलं असतं.

पहिल्याच दिवशी ग्लेननं बजावलं होतं. “डिग्री माझ्याकडेही तुझ्याच विषयातली आहे, बरं का. तिच्या जोरावर दोनदा नाक मोडून घेतलंय. पण हे काही कॉलेजात सांगत नाहीत. पोर चावलं तर हात ओढायचा नाही, तोंडाकडे दाबायचा. माझ्या बायकोनं शिकवलं मला. दात आलेलं बाळ अंगावर पिताना चावलं, की ती त्याला आणखी जवळ घ्यायची. नाक दबलं की श्वास घ्यायला तोंड आपोआप उघडतं.”

डॅरियानं दुसऱ्या हातानं ब्रिनचं डोकं मागून धरलं आणि चावलेला हात आत दाबला. दोघी भिंतीला घासत खाली बसल्या. ब्रिनच्या नाकातून गरम फुसकारे येत होते, नखं डॅरियाच्या मानेवर ओरखडे काढत होती. लांबून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही लेकराला निजवतेय.

जबडा उघडला.

आता हात झटकन काढून घ्यायचा असतो. डॅरियानं काढला नाही.

“ओढ ना,” ब्रिन त्या हाताशीच पुटपुटली.

“नाही.”

“दुखत नाही?”

“जाम दुखतंय, रानमांजरे.”

ग्लेन गुडघ्यांवर बसला. डॅरियाचा हात उजेडाकडे वळवून त्यानं नीट पाहिला. दातांचं जांभळं कडं उमटलं होतं, आणि त्यात एक मोकळी फट. ब्रिनचा वरचा एक दात नुकताच पडला होता.

“रक्त नाही,” तो म्हणाला आणि कितीतरी वेळ कोंडलेला श्वास त्यानं सोडला. “कुठंही जायचं नाही हिला.”

ब्रिननं बाहीला नाक पुसलं. मग त्या कड्यावरून हळूच बोट फिरवलं. फटीपाशी ते थांबलं.

“टोरंटोला पोचेपर्यंत राहील ना गं हे?”

डॅरियानं आपली वर सरकलेली बाही त्या कड्यावर ओढली नाही, तशीच राहू दिली.