बरण्यांतली पिल्लं

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सविताने न्हावरे गावच्या घरी विषारी कोळ्याची तीस पिल्लं वेगवेगळ्या बरण्यांत वाढवायला घेतली होती. ऐन थंडीत तिला मेंदूज्वर झाला. पुण्याच्या दवाखान्यात महिना गेला. पिल्लं गारठून, उपाशी मेली असणार, हे धरूनच ती घरी परतली.

बघते तर बरण्या चुलीच्या उबेला घोंगडीवर मांडलेल्या. पिल्लं कात टाकून चांगली मोठी झालेली. त्यांना खायला घालायची चिलटं कुजक्या केळ्यावर जमवलेली.

कोळी दिसला की ओरडत अंगणात पळणाऱ्या सासूबाईंकडे ती बघतच राहिली.

“आत्याबाई, भीती न्हाई वाटली?”

“रोज वाटायची. पर त्यास्नी टाकलं असतं, तर तू माघारी येत न्हाईस असं मानल्यावानी झालं असतं.”